‘सर्वानुमते ठरले’

नोंदवहीचं ते पान अजून माझ्याकडे आहे. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय : ‘हद्दीबाबत चर्चा झाली. सर्वानुमते ठरले.’ काय ठरलं, ते लिहिलेलं नाही.

२०१० चा उन्हाळा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला आदल्या वर्षी सामूहिक वनहक्क मिळाला होता आणि जिल्ह्यातल्या इतर गावांनाही उमेद आली होती. त्यातल्याच एका गावाच्या वनहक्क समितीला दाव्याचे कागद तयार करायला मी मदत करत होतो. शेजारच्या गावाशी जंगलाच्या हद्दीवरून वाद होता. अशा वेळी दोन्ही समित्यांनी एकत्र बसावं आणि निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यावेत, असं वनहक्क कायद्याचे २००८ चे नियमच सांगतात. मला ते पाठ होते.

बैठक मोहाच्या झाडाखाली झाली. शेजारच्या गावचे वृद्ध गायता, म्हणजे गावाचे पारंपरिक प्रमुख, काठीने मातीत नकाशा काढत राहिले. हा नाला, हा दगड, इथवर आमची गुरं, तिथून पुढे तुमचा तेंदू. मधला बांबू दोघांचा. एक बाई म्हणाली, पाणवठ्याचंही ठरवून टाका. तेही ठरलं. बोलणं गोंडीतून मराठीत, मराठीतून गोंडीत चाललं होतं. मी ऐकण्यात रमलो. ऊन चढलं, जेवण तयार झालं, तेव्हा मी दोन ओळी खरडल्या आणि वही फिरवली. लोकांनी विश्वासाने सह्या केल्या, अंगठे दिले.

वर्षभरात शेजारच्या गावची समिती बदलली. नव्या मंडळींनी नाल्याच्या अलीकडची जागा मागितली. गायता तोवर वारले होते. उपविभागस्तरीय समितीने संयुक्त बैठकीचा कागद मागितला, मी ते पान पुढे केलं. सह्या भरपूर होत्या, नाल्याचं नाव कुठेच नव्हतं. दावा परत आला.

पुन्हा बैठका, पुन्हा शिवारफेरी. त्यात तेंदूचे दोन हंगाम गेले. या दोन गावांत सोयरिकी होत्या, तरी माणसं एकमेकांना खोटं ठरवू लागली. खोटं कुणीच बोलत नव्हतं, ज्याला जसं आठवलं तसं तो सांगत होता. जाणत्यांचं सांगणं कायद्याने पुरावा मानलंय, पण ते लिहून घेतलं तर. आणि त्या झाडाखाली लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं.

आता बैठक उठण्याआधी लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो, आधी मराठीत, मग कुणाकडून तरी गोंडीत. पाऊण तास जातो. जेवण थांबतं. तुमच्या बैठकीतही कुणी वही घेऊन बसत असेल, तर त्याचं वाचून होईपर्यंत उठू नका.