सुईण कुठाय?

येशूचा जन्म मी प्रथम पाहिला तो झाशीत, चर्चच्या आवारात बांधलेल्या पांढऱ्या कापडावर. ‘करुणामयुडु’ हा १९७८चा तेलुगू चित्रपट ‘दयासागर’ नावाने हिंदीत आला, तेव्हापासून असे पडदे गावोगाव लागत. आजीला चर्च परकं नव्हतं. संत ज्यूडच्या २८ ऑक्टोबरच्या सणाला आमच्याकडची हिंदू माणसंही मेणबत्ती लावायला जातात, तशी तीही जायची. त्या रात्री रेल्वे क्वार्टरातल्या ख्रिस्ती मावशींनी तिला सोबत नेलं होतं. हेरोदाने बेथलेहेमातली बाळं मारवली, हे त्यांनी कानात सांगताच आजी मोठ्याने म्हणाली, “म्हणजे कंसच की मेला!” लोक हसले, मावशीही हसल्या. मग गव्हाणीचा प्रसंग आला. आजी गप्प राहीना. “ओली बाळंतीण अशी बसते होय गं? शेक नाही, शेगडी नाही. आणि सुईण कुठाय?”

पुढे आमची मुलगी झाली, त्यानंतरच्या नाताळात घरी २००६चा ‘द नेटिव्हिटी स्टोरी’ पाहिला. त्यात मरियेच्या कळा दाखवल्या आहेत, याचं मला फार बरं वाटलं. पण जवळ योसेफ एकटाच. बायको बाळाला थोपटत म्हणाली, “सुताराला नाळ कापता येते?”

त्या दोघींच्या प्रश्नाने मला ग्रंथांकडे नेलं. बायबलात लूककडे गव्हाणी आणि मेंढपाळ आहेत. मत्तयाकडे तारा आणि पूर्वेचे ज्ञानी. ते तीनच होते असं तो कुठेही म्हणत नाही. मरियेचं गाढव दोघांकडेही नाही. ते येतं दुसऱ्या शतकातल्या, याकोबाच्या नावावर चालणाऱ्या एका ग्रीक कथेतून. त्याच कथेत योसेफ मरियेला गुहेत ठेवून सुईण शोधायला धावतो, आणि सुईण येतेही! तिच्या पाठोपाठ सलोमी नावाची बाई येते. कुमारीला मूल झालं यावर तिचा विश्वास बसत नाही, ती स्वतः तपासून पाहते. पूर्वेकडच्या चर्चच्या जुन्या चित्रांत बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाया आजही दिसतात. मी पाहिलेल्या चित्रपटांनी मात्र गाढव तेवढं घेतलं.

दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताचं चरित्र पडद्यावर पाहिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभं राहिलं, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला, १९१८ साली ‘श्रीकृष्णजन्म’. आजीला हेरोदात कंस दिसला, तेही याच रीतीने. आपल्या घरातलं आठवल्याशिवाय दुसऱ्याच्या देवाची गोष्ट आपल्या मनात उतरतच नाही, असं मला वाटतं.

अशा शंकांनी श्रद्धा दुखावते म्हणून पडद्यासमोर बायकांना गप्प करणारे मी पाहिले आहेत. मला ते मुळीच पटत नाही. आजीने चेष्टा केली नव्हती. परक्या गावात, गोठ्यात बाळंत झालेल्या पोरीची तिला काळजी वाटली होती. येत्या नाताळात टीव्हीवर ही गोष्ट लागली, तर घरातल्या म्हातारीला शेजारी बसवा आणि तिला मध्ये बोलू द्या.