घाई नसलेली वाट

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पन्हाळ्यावर सावकाश चालते आहे. म्हणूनच बहुधा युरोपच्या बेतातून शहरं गळत चालली. उरली पोर्तुगालमधली दोरू नदी, जिच्या काठच्या वाइनच्या मुलखाची हद्द १७५६ सालीच आखली गेली. आणि इटलीतलं ब्रा, ‘स्लो फूड’वाल्या कार्लो पेत्रिनींचं गाव.

तीन दरवाजाजवळ झुणका-भाकर मागवली. तव्यावरून निखाऱ्यापाशी उभी केलेली भाकरी हळूहळू फुगत होती. भाकरी करणारी बाई तिच्याकडे बघत नुसती बसून होती. मीही. किती वर्षांनी असं बसले! सोबतच्या खर्ड्यातली मिरची पोर्तुगीजांनीच आणलेली. तिच्या उलट्या वाटेने जावंसं वाटतंय. तिथले चढ गुडघ्याला झेपतील का, हे डॉक्टरांना विचारायचंय. ह्यांना तर अजून सांगितलेलंही नाही.