सहाशे ब्याण्णव

'पंचतारांकित एमआयडीसी' म्हटलं की बाहेरगावच्या पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर आधी हॉटेल येतं. माझ्या मुंबईच्या मामीने तर "तिथे जेवण चांगलं असतं का गं?" असंही विचारलं होतं! तर मंडळी, कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या आहेत, मशीन शॉप्स आहेत, वाळूचे ढीग आहेत, आणि रात्री इतके दिवे आहेत की आकाशातले खरे तारे बोटांवर मोजावेत. आणि मला छंद लागला तो नेमका ताऱ्यांचा.

नुसतं बघण्याचा नाही, दुर्बीण स्वतः बनवण्याचा. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचं आणि एकीवर दुसरी घासत बसायचं. हळूहळू वरची चकती खोलगट होते, खालची फुगीर. वरचीचा आरसा होतो. सहा इंची, एफ-आठचा आरसा मधोमध जेमतेम १.२ मिलिमीटर खोल असतो. ऐकायला सोपं वाटतं ना? पण पूड, पॉलिश, आरशावर अॅल्युमिनियमचा थर, आयपीस, स्टँड या सगळ्याला पैसे लागतात. पप्पांचं उत्तर तयार होतं, "आधी एम-थ्री सोडव, मग आकाश बघ."

त्याच सुमारास काकांच्या वर्कशॉपमध्ये नवीन व्हीएमसी मशीन यायचं ठरलं आणि जागा करायची वेळ आली. कोपऱ्यात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं एक ट्रकचं इंजिन आणि गिअरबॉक्स पडून होता. लहानपणी लपाछपी खेळताना मी त्याच्यामागे लपायचे, एवढीच आमची ओळख. काका म्हणाले, "उद्या भंगारवाल्याला बोलावतो." मी पटकन बोलून गेले, "मी विकू? भंगारापेक्षा जास्त येतील ते माझे!" काका हसले. "आबांना विचार. त्यांचं आहे ते."

आबा म्हणजे माझे आजोबा. १९७८ पासून त्यांची १२१० ट्रक होती. कोल्हापूरचा गूळ घेऊन गुजरातपर्यंत जायचे. २००३ मध्ये गाडी मोडली, पण इंजिन आणि गिअरबॉक्स त्यांनी उतरवून ठेवले. का, ते कोणी विचारलं नाही. मी विचारल्यावर बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "इक की. पर किलोवर इकू नगंस."

इथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. सहाशे ब्याण्णव हे त्या इंजिनाचं नाव. सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९२. स्ट्रोक १२० चा. बेरीज-गुणाकार करून बघा, ४७८८ सीसीच्या आसपास येतं. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. १९६९ मध्ये तो करार संपला आणि ट्रकच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा गेला. पण ड्रायव्हर लोक पुढेही 'मर्सिडीज'च म्हणत राहिले. आबा अजून म्हणतात.

काकांच्या क्रेनकाट्यावर सगळं मिळून ५४० किलो भरलं. भंगारवाला ३१ रुपये किलोने घेणार होता. म्हणजे १६,७४० रुपये, आणि पुढच्या आठवड्यात कुठल्याशा भट्टीत रस! ज्या गावात म्हादबा मेस्त्रींनी ऑइल इंजिन घडवलं, तिथे चालू होऊ शकणाऱ्या इंजिनाला बिडाच्या भावाने मोजायचं हे मलाही पटेना. (खरं सांगायचं तर १६,७४० मध्ये दुर्बीणही होत नव्हती.)

पिस्टन जाम होते. सिलिंडरमध्ये डिझेल सोडून आठ दिवस ठेवलं, मग पाना लावून जोर केला तेव्हा क्रँक फिरला. त्या दिवशी मी वर्कशॉपभर नाचले. मग रॉकेल आणि वायरब्रश. घासता घासता ब्लॉकच्या खालच्या अंगाला, स्टार्टरच्या मागे, एका ओळीत बसवलेले बारीक प्लग दिसले. मेकॅनिकलची विद्यार्थिनी असल्यामुळे कळायला वेळ लागला नाही. पाण्याच्या जॅकेटला तडा गेला होता आणि तो कोणीतरी प्लग मारून शिवला होता. काम सुरेख होतं, पण तडा तो तडाच. मी इकडेतिकडे बघितलं आणि सगळ्या इंजिनाला राखाडी रंग दिला. तिथे दोन हात.

उद्यमनगरातल्या एका स्पेअरपार्टवाल्याने गिऱ्हाईक मिळवून दिलं. कऱ्हाडकडचे एक गृहस्थ, जुनी नाकवाली ट्रक हौसेने उभी करत होते. फोनवर म्हणाले, "माल चांगला असला तर एकोणसाठ देतो." मी वहीत लिहिलं ६९,००० आणि मोटरवर फिरणाऱ्या स्टँडचं स्वप्न बघायला लागले. रविवारी ते आले. क्रँक फिरवून कॉम्प्रेशन पाहिलं, गिअरबॉक्सचं झाकण काढून एकेका दातावर बॅटरी मारली. "ठीक आहे, एकोणसाठ."

"सिक्स्टी नाइन ना?"

"एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन, मॅडम."

कॉन्व्हेंटची सगळी फी वसूल झाली! दहा हजार तिथेच उडाले. तरी ५९ काही वाईट नव्हते. मी हो म्हणणार, तोच इतका वेळ खुर्चीवर गप्प बसलेले आबा उठले.

"पावणं, हितं स्टार्टरच्या मागं हात लावून बगा."

माझ्या पोटात गोळा आला. त्या गृहस्थांनी किल्लीने रंग खरवडला. प्लगांची ओळ उघडी पडली. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग आबांकडे पाहिलं.

आबा सांगू लागले. १९८९ चा मे महिना, आंबा घाट. होज फुटला, पाणी गेलं, इंजिन लालबुंद तापलं. थंड होईपर्यंत थांबायला हवं होतं, पण माल पोचवायची घाई. "झऱ्याचं गार पानी आनलं आन् तसंच वतलं. फट्टदिशी आवाज आला." (तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की एक बाजू एकदम आकसते आणि तडकते. हे आम्ही परीक्षेत पाच मार्कांना लिहितो.) मग आबा थोडं थांबले. "मी वतलं. पर घरात, गावात, समद्यांस्नी सांगितलं की क्लीनरनं वतलं. पोरगं सतरा-अठरा वर्षांचं. काम सोडून गेलं. पुन्ना गावलं न्हाई."

काकांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. ते उगाच काट्याचा हुक तपासत उभे राहिले.

सौदा ४१ हजारांना ठरला. गाडीत भरताना आबांनी सिलिंडर हेडवर एकदा हात ठेवला आणि ताडपत्रीची घडी घालायला लागले. परतताना मी चिडूनच होते. "मी रंग दिला होता ते तुम्हाला माहीत होतं?"

"वास येत हुता की," आबा म्हणाले.

मोटरचा स्टँड रद्द झाला. त्याऐवजी प्लायवूडचा डॉब्सोनियन करतेय. जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीतला संन्यासी. १९६७ पर्यंत तो तिथल्या मठात होता. जहाजाच्या खिडकीची जुनी काच घासून आरसे करायचा, पुठ्ठ्याच्या नळीत बसवायचा. त्याच्यासमोर आपले ४१ हजार म्हणजे श्रीमंती!

आरसा सध्या २२० नंबरच्या पुडीवर आहे. आबा संध्याकाळी शेजारी बसतात. लायनरची झीज ते नखाने सांगतात, "दोन थाऊ खाल्लंय." एक थाऊ म्हणजे २५ मायक्रॉन. मी त्यांना सांगितलं की आरशाची शेवटची चूक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षा कमी लागते, तेव्हा त्यांनी काचेवरून नख फिरवलं आणि मान हलवली. "ह्ये नखाचं काम न्हाई."

गेल्या महिन्यात कऱ्हाडहून फोन आला. इंजिन नाकवालीत बसलं होतं, पहिल्यांदा सुरू करताना आम्हाला ऐकवायचं होतं. मी स्पीकर ऑन केला. आधी नुसता स्टार्टर, मग एक खोकला, मग ती घरघर. आबांनी कान फोनजवळ नेला. मिनिटभर ऐकलं.

"मिसिंग मारतंय," ते म्हणाले. "तीन नंबरचा नोझल काढून बगा म्हनावं."