बंद पडलेला संगणक

सन २००६ मध्ये आपल्या शाळेच्या कार्यालयात एकच संगणक होता. पावसाळ्यातील एका सायंकाळी मी दहावीच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज टंकित करीत असता वीज गेली. ती परतली, पण संगणक सुरू होईना. आतला पंखा फिरे, पडदा मात्र काळाच राही. अर्ज सकाळी छापून तालुक्याला पोहोचवायचे होते. हा आपलाच अपराध, असे वाटून मला रडू कोसळले.

सर रागावले नाहीत. "आधी कारण शोधू," एवढेच म्हणाले. त्यांनी वायर काढली व सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून आत उरलेली वीज उतरवली. मग खोके उघडून रॅमची पट्टी काढली, तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसली आणि 'खट्' असा आवाज होईपर्यंत ती पुन्हा बसवली. पडदा उजळला. नाण्याएवढी बॅटरी संपल्याने तारीख मागे गेली होती. अर्ज मात्र शाबूत होते.

आज संगणकदुरुस्ती हीच माझी उपजीविका आहे. घाबरलेले गिऱ्हाईक समोर आले की चूक कोणाची, हे मी विचारीत नाही. आधी वायर काढतो.