हिरव्या टेबलाची प्रदक्षिणा

देवळात जायचे तर पायांतले बाहेर काढून ठेवावे लागते. बिलियर्डच्या खोलीत जायचे तर पायांत चढवावे लागते. एरवी दोन्हीकडे काम एकच, प्रदक्षिणा घालायची. स्नूकरचे पुऱ्या मापाचे टेबल १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद. कडेपासून दोन फूट अंतर राखून त्याच्याभोवती एक फेरी मारली की ५२ फूट चाल होते. अशा १०० फेऱ्यांचा जवळजवळ मैल भरतो! शिवाय नुसते चालणे नाही. मधूनमधून कमरेत वाकायचे, एका पायावर तोल सांभाळायचा, कधी चवड्यावर उभे राहायचे. असे असूनही काठी कोणती घ्यावी याची चौकशी लोक दहा ठिकाणी करतात आणि पायांत मात्र हाताला लागेल ते घालून येतात.

आमचा दादा त्यांतला नव्हे. त्याला तसे राहून चालण्यासारखेच नाही. पंचवीस वर्षांच्या मधुमेहाने त्याच्या तळपायांची संवेदना जवळजवळ गेली आहे. २०१९ मध्ये पुतणीच्या लग्नात तो दिवसभर नवे कोरे बूट घालून हौसेने मिरवला. करंगळीला फोड आला, तो फुटला, चिघळला; पण दुखले म्हणून नाही कळले त्याला. मोज्याला डाग पडलेला वहिनींनी पाहिला तेव्हा उशीर झाला होता. उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. तेव्हापासून दादाच्या पायांत मऊ एम.सी.आर. रबराचे, मागे पट्टा असलेले सँडल आले आणि जिमखान्याचे दार बंद झाले. कारण बिलियर्डच्या खोलीत सँडल चालत नाहीत.

दादाच्या शाळकरी वयात पुण्याच्या पोरांना विल्सन जोन्स हे नाव क्रिकेटवाल्यांच्या नावांइतकेच ठाऊक होते. जोन्स जन्माने पुण्याचेच. १९५८ साली कलकत्त्याला आणि पुन्हा १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी हौशी बिलियर्डचे जगज्जेतेपद मिळवले. त्या दुसऱ्या विजयाच्या बातमीने दादाच्या डोक्यात जे शिरले ते अजून बाहेर आलेले नाही. सत्तरी ओलांडल्यावर त्याने एकच इच्छा बोलून दाखवली: उटीला जाऊन स्नूकरचा एक डाव खेळायचा.

उटीलाच का, ते सांगायला हवे. स्नूकर हा साहेबाच्या देशातला खेळ अशी आपली समजूत; पण त्याचा जन्म आपल्याकडचा. १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये काही इंग्रज अधिकारी टेबलावर ‘पूल’ खेळत बसत. पूल म्हणजे प्रत्येकाने ठरलेली रक्कम एका ठिकाणी टाकायची आणि जिंकेल त्याने ती उचलायची. त्यांच्यात नेव्हिल चेंबरलेन नावाचा जेमतेम विशीतला पोरगा होता. (पुढे पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे.) त्याने पिरॅमिड नावाच्या खेळातले १५ लाल चेंडू घेतले, त्यांत पुलाचा काळा चेंडू आणि आणखी रंगीत चेंडू मिसळले, आणि नवा खेळ उभा राहिला. लष्करी शाळेत नव्याने दाखल झालेल्या अडाणी पोराला त्या काळी ‘स्नूकर’ म्हणत. ते चिडवण्याचे नाव खेळाला चिकटले. पुढे चेंबरलेन निलगिरीत आला आणि १८८२ साली उटीच्या क्लबात खेळाचे नियम लिहून भिंतीवर लागले. म्हणजे जन्म जबलपूरला आणि मुंज उटीला!

दादाने हे सगळे वहिनींना दहा वेळा ऐकवले. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अहो, आधी बुटांचं बघा. मग तिकिटं काढा.”

बूट कसे असावेत याचा अभ्यास त्या दिवसापासून आमच्या घरात सुरू झाला. डॉक्टरांनी अटी घातल्या: पुढे ऐसपैस, आतून शिवणीचा काच नाही, खोली जास्त, तळाला एम.सी.आर.चा थर. अंगठ्याची चप्पल तर नावालाही नको. तो पट्टा बोटांच्या बेचक्यात घासतो. दादाच्या अटी निराळ्या. टाच एक इंचाहून कमी आणि रोज तीच. हे मला प्रथम विचित्र वाटले, पण त्यात अर्थ आहे. स्नूकरच्या टेबलाच्या कठड्याची उंची २ फूट ९½ इंच ते २ फूट १०½ इंच एवढीच असते. नियमाने फरक करायला मुभा काय ती एका इंचाची. खेळणारा हनुवटी काठीला टेकवून नेम धरतो. आज सपाट चप्पल, उद्या दीड इंची टाच असे केले तर टेबल जागच्या जागी राहते आणि आपण वरखाली होतो. वाकण्याचा हिशेब चुकतो, कंबर तक्रार करते. म्हणून जुने खेळाडू एक जोड टेबलासाठी वेगळा ठेवतात.

तळाबद्दल आमचे दोन दिवस वाद झाले. चामड्याचा तळ दिसायला झकास, पण पॉलिश केलेल्या लाकडी जमिनीवर घसरतो. जाड क्रेपचा तळ जमिनीला असा चिकटतो, की आपण वळलो तरी पाऊल वळत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. काही रबरे तर पाऊल टाकताच चिवचिवतात. समोरचा नेम धरून बसलेला असताना ती चिमणी ओरडली की त्याचे डोळे पाहावेत! मोकॅसिन घालायला सोपे, पण चवड्यावर उभे राहिले की टाच बाहेर येते. खेळाचे जाड गादीवाले बूट पुण्यातल्या मॉलांतल्या पूलच्या टेबलांवर सर्रास चालतात. तिथली पोरे ९ फुटी टेबलावर गाणी लावून खेळतात, त्यांना कोण विचारतो? जुन्या क्लबांत आणि हॉटेलांत मात्र पायाकडे पाहणारा माणूस दारात असतो.

शेवटी जुन्या पुण्यातल्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. “संध्याकाळी या,” असे त्याने फोनवर बजावले होते. दिवसभरात पाऊल सुजते. सकाळी बेताचा बसलेला बूट संध्याकाळी चावतो. त्याने दादाला कागदावर उभे केले, बसवले नाही. अंगाचा भार पडला की पाऊल पसरते, ते माप खरे. दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली. उजवीकडे करंगळीच्या जागी रेघ आत वळली तेव्हा तो क्षणभर थांबला, काही बोलला नाही. मग मला एक तयार बूट हातात देऊन म्हणाला, “वाकवून बघा साहेब. कुठं मोडतो?” चवड्याशी, जिथे बोटे वाकतात तिथेच बूट वाकला पाहिजे. मधोमध वाकणारा बूट पायाला आधार देत नाही, आणि कुठेच न वाकणारा पायालाच वाकवतो. नाड्यांचा बूट घ्या म्हणाला, तोंड पुरते उघडते, सूज असेल तशी नाडी सैल करता येते. उजव्या बुटात करंगळीच्या जागी मऊ भरणी घातली, म्हणजे पाऊल आत सरकणार नाही.

बूट तयार झाले. काळे, रुंद नाकाचे, बेताच्या टाचेचे. “हेडमास्तरचे दिसतात,” दादा म्हणाला. पण पॉलिश मारल्यावर त्यांना एक घरंदाज देखणेपण आले. मला विचाराल तर टेबलाशी शोभणारा बूट असाच असावा. निमुळत्या नाकाच्या चकचकीत बुटांत माणूस उभा छान दिसतो, वाकला की अवघडलेला दिसतो. तीन आठवडे दादाने ते घरातच घातले, पहिल्या दिवशी अर्धा तास, मग वाढवत. दर वेळी घालण्याआधी आत हात फिरवून खडा-टाचणी पाहायची, काढल्यावर वहिनींनी हातआरसा धरून तळवे तपासायचे.

पुण्याहून कोइंबतूर, तिथून मेट्टुपाळयम. सकाळची छोटी गाडी डोंगर चढू लागली. ४६ किलोमीटरांच्या वाटेवर २०८ वळणे आणि १६ बोगदे. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे. इंजिनाचे दात तिच्यात अडकवत गाडी १२ फुटांत एक फूट असा चढ चढते. घसरू नये म्हणून केलेला हा बंदोबस्त पाहून दादा म्हणाला, “यालाच म्हणतात सोल!” गाडीत तासन्‌तास पाय लोंबते ठेवून सूज येते म्हणून वहिनींनी त्याला सँडलच घालायला लावले होते, बूट मांडीवरच्या पिशवीत होते. ही रेल्वे उटीला पोचली १९०८ मध्ये. म्हणजे चेंबरलेनच्या काळी दगडी पाट्यांची, टनाहून जड टेबले बैलगाड्यांनीच घाट चढली असणार. बिचारे बैल!

उटी ऊर्फ उदगमंडलम सुमारे २२४० मीटरांवर आहे. मे महिन्यातही पहाटे मोजे हवेसे वाटतात. बाजार गजबजलेला, चॉकलेटे, निलगिरीचे तेल, गाजरांचे ढीग, मोटारींच्या रांगा. ते सगळे आपण पुष्कळदा वाचलेले आहे. क्लबाची पांढऱ्या खांबांची इमारत मात्र झाडीत गप्प उभी आहे. ती सभासदांची, प्रवाशांनी बाहेरून पाहावी. आम्ही पाहिली. दादाने टोपी काढली.

तिथे उभे असताना दारांवरून आमचे बोलणे निघाले. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबाने चित्रकार एम. एफ. हुसेन यांना अनवाणी होते म्हणून आत घेतले नव्हते. मद्रासेत २०१४ साली क्रिकेट संघटनेच्या क्लबात धोतर नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना अडवले, तेव्हा तमिळनाडूच्या विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून धोतर आणि इतर भारतीय पोशाख यांना अडवणे गुन्हा ठरवला. आणि ज्या कोल्हापुरीला आपल्या कित्येक क्लबांत मज्जाव, तिच्याच घाटाच्या चपला प्राडा या इटालियन पेढीने २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात मिरवल्या! दादाला मात्र या अन्यायात रस नव्हता. “कोल्हापुरी टेबलाशी नकोच,” तो म्हणाला. “टाच सुटी राहते रे.” मला वाटते, घसरू नये म्हणून बूट मागणे समजण्यासारखे आहे, पण औषधी सँडल घातलेल्या माणसाला परत पाठवणारा नियम पायांचा नसून तोऱ्याचा असतो.

आमच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर एक जुने टेबल होते. दारावर पाटी: बूट आवश्यक. रात्री जेवणानंतर वहिनींनी स्वतः बुटांत हात फिरवला, मोजे उलटे करून शिवणी पाहिल्या, नाड्या बांधल्या. “अर्धा तास,” त्या म्हणाल्या आणि भिंतीशी खुर्चीत घड्याळ बघत बसल्या. मार्कर वयस्क तमिळ गृहस्थ होते. त्यांनी एक नजर बुटांवर टाकली, मान डोलावली आणि लाल चेंडूंचा त्रिकोण मांडला.

दादाचे पहिले दोन नेम गेले. मग हात बसला. टेबलाभोवती तो असा फिरू लागला, की मला जिमखान्यातला त्याचा तिशीतला अवतार आठवला. एक लाल, काळा. पुन्हा एक लाल. मग पांढरा चेंडू टेबलाच्या मधोमध जाऊन बसला. हात पोचेना. मार्करने लांब दांड्याची रेस्ट पुढे केली. दादाने ती नाकारली. डावी मांडी कठड्यावर टेकवून तो आडवा झाला. उजव्या पायाचा चवडा तेवढा खाली.

नियम असा, की फटका मारताना निदान एक पाऊल जमिनीला टेकलेले हवे. नाहीतर फाउल. तुम्हा-आम्हाला ते न बघता कळते. दादाला कळत नाही. खाली काय आहे, जमीन की हवा, हे त्याचा पाय त्याला सांगत नाही. वहिनी खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या.

काठी रोखलेली, मान न वळवता दादाने मला विचारले, “टेकलाय ना रे?”

मी वाकून पाहिले. बूट चवड्याशी वाकला होता, अगदी त्या कारागिराने दाखवला होता तिथेच, आणि तळ लाकडावर घट्ट बसला होता.

“टेकलाय, दादा. मार.”