तिसरी चौकट

जर्मनीत सरकारी खिडकीपुढे ताठ उभं राहायला मला ज्यांनी शिकवलं, त्या बाई मूळच्या तुर्कस्तानातल्या. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. तुर्की माणसं वडीलधाऱ्या बाईला 'तेय्झे' म्हणतात, म्हणजे मावशीच. म्हणून मीही त्यांना सरळ मावशी म्हणू लागले. परदेशात आल्यापासून माझ्यावर पुष्कळांचे उपकार झाले. कुणी घर मिळवून दिलं, कुणी भाषा सुधारली, कुणी आजारपणात जेवण आणून दिलं. मावशींचं देणं मात्र या सगळ्यांहून निराळं आहे आणि ते नीट सांगायचं तर आधी एका कागदाबद्दल सांगावं लागेल.

भारतातून निघताना पासपोर्टावर व्हिसा चिकटवून मिळतो, त्याने आपण फक्त दारातून आत येतो. पुढचं राहणं चालतं ते निवासाच्या परवान्यावर. प्लॅस्टिकचं छोटं कार्ड असतं आणि त्यावर मुदतीची तारीख असते. ती तारीख यायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेह्योर्डेत, नवा अर्ज करायचा. अडचण अशी की मोठ्या शहरांत भेटीची वेळच महिनोन्‌महिने पुढची मिळते, आणि कार्डावरची तारीख काही कुणासाठी थांबत नाही. मग मधल्या काळात माणूस कायदेशीर की बेकायदेशीर?

याचं उत्तर जर्मनीच्या निवास कायद्यात आहे. 2005 पासून लागू असलेल्या या कायद्याचं कलम 81 सांगतं की मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं धरलं जाईल. तसा दाखलाही मिळतो. 'फिक्शन्सबेशायनिगुंग' असं त्याचं लांबलचक नाव. हा घडीचा कागद असतो आणि त्यात तीन चौकटी असतात. पहिलीत खूण असेल तर तुमचं राहणं मान्य आहे असं धरलेलं असतं. दुसरीत असेल तर तुमची हद्दपारी तूर्त थांबवलेली असते. तिसरीत असेल तर तुमचा आधीचा परवाना जसाच्या तसा पुढे चालू असतो. त्याच अटींवर नोकरी करता येते आणि देशाबाहेर जाऊन परतही येता येतं. पहिल्या दोन चौकटींवर देशाबाहेर पडलं, तर त्या कागदाच्या भरवशावर परत येता येत नाही. एका खुणेवर एवढं सगळं अवलंबून असतं.

हे सगळं मला मावशींनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. वकिलाकडून ऐकल्यावर तरी इतकं लख्ख कळलं असतं का, मला शंका आहे.

मावशी 1971 साली जर्मनीत आल्या. पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात 1961 साली कामगारभरतीचा करार झाला होता. इस्तंबूलच्या जर्मन भरती कार्यालयात दातांपासून सगळी तपासणी करून माणसं निवडली जात आणि आगगाडीने म्युनिकच्या 11 नंबरच्या फलाटावर उतरवली जात. मावशी विशीतल्या. पुढे कारखान्यात विजेच्या उपकरणांचे सुटे भाग जोडायचं काम. परवाना एकेका वर्षाचा. नोव्हेंबर 1973 मध्ये जर्मनीने ही भरती बंद केली. तेव्हापासून प्रत्येकाच्या मनात एकच धास्ती: एकदा परवाना हातचा गेला, की पुन्हा कामासाठी या देशात येणं नाही.

त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात मावशींची आई अंथरुणाला खिळली. मावशींचा परवाना नूतनीकरणासाठी कार्यालयात पडला होता आणि हातात काहीच नव्हतं. मधल्या काळासाठी एखादा कागद मिळतो का, हे विचारायची भाषा नव्हती आणि धीर नव्हता. कारखान्यातले सगळे म्हणाले, हलू नकोस. त्या हलल्या नाहीत. आई गेल्याची तार आली, त्यानंतर परवान्यावर शिक्का पडला.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. पण आई गेल्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी एक काम केलं. इमारतीत, गल्लीत, मशिदीत, दुकानात कुणी नवा माणूस भेटला की त्या आधी नाव विचारायच्या आणि लगेच कार्डावरची तारीख. बोस्नियाहून आलेल्यांना विचारलं, सीरियाहून आलेल्यांना विचारलं. मलाही विचारलं.

2022 साली माझ्या नोकरीच्या परवान्याची मुदत संपत आली होती. भेटीची वेळ मिळत नव्हती. ऑफिसातले म्हणाले, संकेतस्थळ बघत राहा, मिळेल. मावशी म्हणाल्या, "वेळ त्यांची, तारीख तुझी. अर्ज आजच दे." नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या, विम्याचं पत्र, घराचा करार हे सगळं त्यांनी टेबलावर ओळीने मांडायला लावलं. वर सही करून साध्या भाषेतला अर्ज. एक प्रत रजिस्टर्ड टपालाने, एक ईमेलने, आणि एक आम्ही दोघींनी जाऊन कार्यालयाच्या पत्रपेटीत टाकली. टपालाची पावती त्यांनी स्वतः माझ्या फायलीत लावली.

मुदत संपली. उत्तर आलं नव्हतं. आणि मिरजेहून आईचा फोन आला, बाबांना पक्षाघाताचा झटका आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या दारात आम्ही दोघी. थंडीतली भलीमोठी रांग. रांगेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते: कृपा करा, माझे वडील आजारी आहेत, कसंही करून काहीतरी द्या. मावशींनी माझ्या चेहऱ्यावरून ते वाचलं असावं. म्हणाल्या, "पोरी, वडिलांचं सांग, घाई का आहे ते त्यांना कळू दे. पण कृपा मागू नकोस. तू तारखेच्या आत अर्ज केलायस. कागद तुझा आहे, फक्त तो त्यांच्याकडे आहे."

खिडकीपाशी त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांचं जर्मन कारखान्यातलं, व्याकरणाची पर्वा न करणारं. पण कलमाचा आकडा त्यांनी स्वच्छ उच्चारला. आवाज चढवला नाही, खाली मानही घातली नाही. खिडकीतली तरुण कर्मचारी बाई टपालाची पावती बघत राहिली, मग मिरजेच्या दवाखान्याचं पत्र वाचलं, आणि उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तो हिरवट कागद होता. 13 युरो शुल्क घेतलं आणि मावशींकडे बघून म्हणाली, "तिसरी चौकट." त्या मुलीचंही ऋण माझ्यावर आहे. नियमावर बोट ठेवून ती आम्हाला परत पाठवू शकली असती. तिने त्याच नियमाचं पुढचं वाक्य वाचलं.

मी मिरजेला पोचले. बाबांची जीभ जड झाली होती, पण मला बघून त्यांनी हात उचलला. पुढे ते त्यातून उठले, काठी घेऊन अंगणात फिरू लागले. परतताना मुंबई विमानतळावर विमान कंपनीच्या खिडकीवर मुदत संपलेलं कार्ड बघून मला बाजूला उभं केलं गेलं. मावशींनी बजावलं होतं, पासपोर्ट, जुनं कार्ड आणि तो कागद एकत्रच दाखवायचा आणि कलमाची छापील प्रत जवळ ठेवायची. मी तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. माझा आवाज स्थिर होता, हे माझं मलाच नवं होतं. वरिष्ठांना फोन झाला, बोर्डिंग पास मिळाला.

पुण्यात शिकताना माझ्या वर्गात येमेन आणि सुदानचे विद्यार्थी होते. व्हिसा वाढवायचे दिवस आले की त्यांचं तासाला लक्ष नसायचं. त्यांच्या मनावर काय असायचं, ते मला आता कळतं. खिडकी कुठल्याही देशातली असो, तिच्यापुढे घाबरलेला माणूस हक्काची गोष्टही भीक मागितल्यासारखी मागतो. आणि एकदा तसं मागितलं, की मिळालेल्या हक्काचंही त्याला आयुष्यभर ओझं वाटत राहतं.

जून 2024 मध्ये जर्मनीचा नवा नागरिकत्व कायदा लागू झाला. मूळ देशाचं नागरिकत्व न सोडता जर्मन होता येऊ लागलं. 30 जून 1974 पर्यंत कामगार म्हणून आलेल्यांना लेखी परीक्षेतूनही सूट मिळाली, रोजचं बोलता येणं पुरेसं ठरलं. मावशींचा अर्ज मी भरला. आल्याचं साल लिहिताना मी थांबले, तर त्या म्हणाल्या, "लिही, लिही. इतकी वर्षं कर भरलाय मी. उपकार नाही करत ते." त्यांनी मला जे शिकवलं, ते त्या स्वतःलाही सांगत होत्या.

त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आपल्या गावांतली मुलंमुली आता इकडे यायची तयारी करताहेत, माझ्या ओळखीतून काहींचे फोन येतात. पगार, भाडं, थंडी याबद्दल त्यांना विचारायचं असतं. मी तेही सांगते. पण आधी मावशींचं सांगते. तारखेच्या आत लेखी अर्ज द्या. पोच जपून ठेवा. दाखला मागा, आणि मिळाला की चौकट तपासा. वेळेत अर्ज केलेल्या माणसाला तो दाखला द्यायचा, हे कायद्यातच लिहिलंय. त्यासाठी कुणाचे पाय धरायला लागत नाहीत.

मावशींचं ऋण मी निराळं म्हटलं, ते यासाठी. बाकीच्यांनी मला काही ना काही दिलं आणि मी त्यांची ऋणी झाले. मावशींनी मला दाखवून दिलं की जिथे मी उगाच ऋणी व्हायला निघाले होते, तिथे माझं कुणाला काहीच देणं नव्हतं.