दान्त आणि सुदती

वेल्श भाषेत दाताला 'दान्त' म्हणतात. मराठी माणसाला हे सांगितलं की तो खूश होतो आणि 'म्हणजे आपलाच दंत की!' म्हणून मोकळा होतो. व्युत्पत्तीच्या कामात इतकी वर्षं घालवल्यावर मला मात्र अशा वेळी आधी संशय येतो. इतक्या सहज जुळणारा शब्द पुष्कळदा उसना निघतो, नाहीतर निव्वळ योगायोग.

इथे उसनवारीचा संशय रास्तच आहे. रोमन लोक ब्रिटनमध्ये सुमारे साडेतीनशे वर्षं होते आणि तिथल्या भाषेत लॅटिन अवयव ठेवून गेले. हाताला वेल्शमध्ये 'ब्राइख', दाढीला 'बार्व्ह', गालाला 'बोख'. हे अनुक्रमे ब्राकियम, बार्बा आणि बुक्का. मग 'देन्तेम'वरून दातही आला नसेल कशावरून?

निकाल स्वर देतो. लॅटिनमधून घेतला असता तर 'ए'चा 'आ' व्हायला काही कारण नव्हतं. आता 'शंभर' पाहा: लॅटिन केन्तुम, वेल्श कान्त, संस्कृत शत. या तिन्हींच्या समान मूळ भाषेत या जागी स्वर नव्हता, नुसतं अनुनासिकच स्वराचं काम करत होतं. त्याचं लॅटिनमध्ये 'एन' झालं, वेल्शमध्ये 'आन', संस्कृतात फक्त 'अ'. हाच हिशेब दाताला लावला तर देन्त, दान्त आणि संस्कृतात 'दत्' यायला हवा. आणि तो आहे! वेदात 'दतः', 'दता' ही रूपं आहेत. पाणिनीनं समासात 'दन्त'च्या जागी 'दत्' सांगितला. आपली सुंदर दातांची 'सुदती' त्यातलीच. म्हणजे दान्तची काटेकोर जोडी दिसायला सारख्या 'दंत'शी नाही, अनुनासिक गमावलेल्या 'दत्'शी आहे. दंत हे त्याच शब्दाचं दुसरं, भरलेलं रूप. जिथे रोमन राज्य कधीच पोचलं नाही त्या आयर्लंडच्या जुन्या भाषेतही शंभर आणि दात यांचं यमक जुळतं. एवढं झाल्यावर मी उसनवारीचा कागद फाडतो.

वापराकडे वळलं की वेगळीच पंचाईत. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर मागच्या शब्दाप्रमाणे बदलतं. 'तिचा दात' म्हणताना द जागच्या जागी. 'त्याचा दात' म्हणताना तो घासून येतो. 'माझा दात' म्हणजे 'व नान्त'. आता 'नान्त' म्हणजे ओढाही, 'नान्त ग्विनान्त' या खोऱ्याच्या नावातला. त्यामुळे 'व नान्त' हा माझा दात की माझा ओढा, हे वाक्यानंच सांगायचं. वेल्स विद्यापीठाचा बृहत्कोश १९५० पासून २००२ पर्यंत भागाभागांनी छापला गेला. त्यात काही शोधायचं तर आधी अक्षर मनातल्या मनात मागे न्यावं लागतं. वेल्शमध्ये आवडीचीही गोष्ट दातावरूनच ठरते: सगळ्यांना रुचणारं ते सगळ्यांच्या दाताजोगं.

आणि 'केर्द दान्त'? वीणेच्या जातीच्या हार्पवर एक चाल वाजते, गाणारा कविता दुसऱ्याच चालीवर म्हणतो आणि दोघे एकत्र संपवतात, तो गानप्रकार. यात दात नाही. मूळ शब्द 'तान्त', म्हणजे तार, 'तन्' धातूच्या घरातला, आपल्या तंतूचा नातलग. 'केर्द' स्त्रीलिंगी असल्यामुळे त्याच्या 'त'चा 'द' झालाय. म्हणून वेल्श ओळीत 'दान्त' दिसला की मी आधी मागच्या नामाचं लिंग बघतो.